गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाडीतल्या साऊंड सिस्टीमवर पानभर लेख आला होता. दरवाज्याच्या पत्र्याला डँपिंग का करायचं, वायर किती जाड घ्यायची, बॅटरीपाशी फ्यूज का हवा, हे सगळं लेखकानं व्यवस्थित सांगितलंय. पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं की डीएसपी, म्हणजे स्टिरिओ आणि अँपच्या मधे असणारा सिग्नल प्रोसेसर, बसवला की अँप्लिफायरचा गेन पाऊण फिरवून ठेवावा, पुढचं प्रोसेसर बघून घेतो. सोमवारी सकाळीच एक गिऱ्हाईक हे कात्रण घेऊन दुकानात आलं आणि म्हणालं, ‘पेपरात छापून आलंय, तुम्ही माझा गेन एवढा कमी का ठेवलाय?’ म्हणून हे पत्र. मी मिरजेत गाड्यांना साऊंड बसवण्याचं काम करतो. वडिलांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, तेच मी पुढं गाड्यांकडं वळवलं.

आधी गेन म्हणजे काय ते सांगतो, कारण भांडण तिथंच आहे. अँपवर ‘गेन’ किंवा ‘लेव्हल’ लिहिलेला जो छोटा खिळा असतो, त्याच्या एका टोकाला ०.२ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला ४ किंवा ६ व्होल्ट असं छापलेलं असतं. समोरून किती व्होल्टचा सिग्नल आला की अँपनं आपली पूर्ण ताकद द्यायची, एवढंच त्यावर ठरतं. तराजूचा पासंग काढतात, तसलं हे काम आहे. पासंगानं मालाचं वजन वाढत नाही. शंभर वॅटचा अँप कमीत कमी गेनवरसुद्धा शंभर वॅट देतो, फक्त त्याला समोरून तेवढे व्होल्ट मिळाले पाहिजेत. आणि गेन शेवटपर्यंत पिळला तरी तो एकशे एक वॅट स्वच्छ देणार नाही.

आता डीएसपी मधे आला की काय होतं बघा. साध्या स्टिरिओच्या आरसीए तारेतून, म्हणजे पुढं सिग्नल नेणाऱ्या तारेतून, दीड-दोन व्होल्ट येतात. बऱ्यापैकी डीएसपी ४ व्होल्ट देतो, काही ८ सुद्धा देतात. पाऊण गेनवर तो अँप समजा अर्ध्या व्होल्टलाच पूर्ण भरत असेल, आणि प्रोसेसरकडून ४ व्होल्ट येत असतील, तर सिग्नल आठपट जास्त झाला. स्टिरिओचा व्हॉल्यूम ४० पैकी १२-१४ वर गेला की अँप संपला. त्याच्यापुढं जे वाढतं ते गाणं नव्हे. लाटेचं डोकं सपाट कापलं जातं, त्याला आम्ही क्लिपिंग म्हणतो. पूर्ण सपाट झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट वॅट स्पीकरच्या कॉइलमध्ये ओतते. शिवाय कापलेल्या कडांमधून वरच्या पट्टीचे नको ते सूर तयार होतात आणि ते ट्वीटरकडं, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरकडं, जातात. ट्वीटरची कॉइल केसासारख्या तारेची. पहिल्यांदा तीच जाते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘ट्वीटर डुप्लिकेट दिला.’

लेखात प्रोसेसर सगळं सांभाळतो असं म्हटलंय. अहो, प्रोसेसरला अँपचा गेन किती आहे हे कळतच नाही. तो त्याच्या बाजूनं सिग्नल देऊन मोकळा होतो. उलट प्रोसेसर आला की लेव्हल बिघडायच्या जागा वाढतात. फोनचा व्हॉल्यूम, स्टिरिओचा व्हॉल्यूम, डीएसपीचा इनपुट, त्याच्या पोटातला मिक्सर, इक्वलायझर, त्याचा आउटपुट, मग अँपचा गेन, आणि अँपवरच कुठंतरी बेस बूस्ट. यातल्या एकाही ठिकाणी लाट कापली गेली की पुढं कितीही कमी करा, ती कापलेलीच राहते. फक्त हळू आवाजात कापलेली ऐकू येते, एवढाच फरक.

पोटातल्या मिक्सरचं उदाहरण देतो, कारण हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. वूफरसाठी, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरसाठी, डावा आणि उजवा चॅनेल एकत्र करायचा असतो. पडद्यावर दोन्हीकडं १०० टक्के टाकतात. गाण्यातला बेस बहुतेक दोन्ही बाजूंना सारखाच असतो, त्यामुळं बेरीज ६ डीबीनं (डेसिबलनं) वर जाते. सहा डीबी म्हणजे व्होल्ट दुप्पट, वॅट चौपट. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आधीच काठोकाठ असेल, तर ही बेरीज प्रोसेसरच्या आतच कापली जाते. अँपवर बघायला जावं तर गेन अगदी कमी, मीटरवरचे व्होल्ट ठीक, आणि वूफर तरी फाटल्यासारखा वाजतो. गिऱ्हाईक वूफर बदलायला निघतं. दोन्हीकडं ५० टक्के टाकलं की काम झालं.

म्हणून काम स्टिरिओपासून अँपकडं करत जायचं. इक्वलायझर सपाट, डीएसपीचे सगळे आउटपुट शून्य डीबीवर (म्हणजे बंद नव्हे, न वाढवता न घटवता), स्टिरिओवरचं बेस-ट्रेबल-लाऊडनेस बंद, अँपवरचा बेस बूस्ट बंद, अँपचे स्वतःचे फिल्टरही (नको त्या पट्टीचे सूर अडवणारे) बंद, कारण फिल्टरचं काम आता प्रोसेसरकडं आहे. दोन्हीकडं लावले की एकावर एक बसतात. स्पीकरच्या तारा अँपमधून काढून ठेवायच्या. मग पेनड्राइव्हवरून शुद्ध टोन, म्हणजे एकच सूर, वाजवायचा आणि लाटेचं चित्र दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर बघत स्टिरिओचा व्हॉल्यूम वाढवायचा. काही स्टिरिओंत ४० पैकी ४० पर्यंत लाट गोल राहते, काहींत ३२-३३ लाच डोकं चपटं होतं. जिथं चपटं व्हायला लागतं त्याच्या एक घर खाली आपली हद्द. त्या हद्दीवर डीएसपीच्या इनपुटचा लाल दिवा लागणार नाही असा इनपुट लावायचा, मग डीएसपीचा आउटपुट तपासायचा. सगळ्यात शेवटी अँपचा गेन, तोही अगदी खालून सुरू करून.

अँपवर किती व्होल्ट आले पाहिजेत याचं गणित आठवीतल्या मुलालाही येईल. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ७५ वॅट आणि ४ ओहम असेल तर ३०० चं वर्गमूळ, म्हणजे १७.३ व्होल्ट. वूफरच्या अँपला २ ओहमवर ३०० वॅट असतील तर ६०० चं वर्गमूळ, साडेचोवीस व्होल्ट. पण हे वॅट खोक्यावरचे घ्यायचे नाहीत. खोक्यावर १२०० वॅट आणि बाजूला फ्यूज २५ अँपिअरचा, असे अँप आमच्या बाजारात पोत्यानं मिळतात. २५ गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ३४५ वॅट. अँपच्या आत येतात तेच एवढे. त्यातले साठ टक्के आवाजाला मिळाले तर दोनशेच्या आसपास. १२०० कुठनं येणार? गाडीतल्या स्टिरिओवर लिहिलेलं ५० गुणिले ४, म्हणजे चार चॅनेलना प्रत्येकी ५० वॅट, तसंच. चार्जिंग चालू असताना १४.४ व्होल्टवर चालणारा स्टिरिओचा अँप ४ ओहमला फार तर २६ वॅट देऊ शकतो, तेही आत काही खर्च झालं नाही असं धरलं तर. प्रत्यक्षात अठरा-वीस. पुस्तिकेत सीटीए-२००६ या मोजमापाच्या मानकाप्रमाणे वॅट दिलेले असतील तर ते धरावेत, ते १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि एक टक्क्याच्या आतल्या विकृतीवर मोजलेले असतात.

मीटरबद्दलही बोलायला हवं. तीनशे रुपयांचा मीटर एसी व्होल्ट दाखवतो, पण तो घरातल्या ५० हर्ट्झच्या लाइटसाठी केलेला असतो. वूफरच्या ५० हर्ट्झ टोनला तो चालतो. १००० हर्ट्झवर बरेच मीटर कमी दाखवतात आणि फिटर बिचारा आकडा गाठायला गेन वाढवत बसतो. आणि मीटर कुठलाही असो, तो व्होल्ट सांगतो, लाट कापली गेली की नाही ते सांगत नाही. हातात मावणारा बॅटरीवरचा स्कोप आता एका साध्या स्पीकर जोडीच्या किमतीत येतो. तो नसताना डीएसपीच्या ट्यूनिंगचे पैसे घेणं मला पटत नाही, मग आमच्या धंद्यातल्या लोकांना राग आला तरी चालेल. स्कोप बॅटरीवरचाच घ्या, आणि त्याची काळी क्लिप गाडीच्या बॉडीला लावू नका. कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर तारांत मायनससुद्धा जिवंत असतो; तो बॉडीला टेकला की स्टिरिओ जळू शकतो.

आता ट्वीटर. डीएसपी असला की ट्वीटरला अँपचा वेगळा चॅनेल देतात आणि प्रोसेसरमध्ये ३००० हर्ट्झच्या खालचं सगळं तोडतात. तिथं सवयीनं १००० हर्ट्झचा टोन लावला तर मीटरवर जवळजवळ काहीच येत नाही, कारण तो टोन फिल्टरनंच अडवलाय. फिटर गेन पिळतो. शेवटपर्यंत पिळतो. मग तारा जोडतो, गाणं लावतो, आणि पहिल्याच झांजेला ट्वीटर जातो. त्या चॅनेलला ५-६ हजार हर्ट्झचा टोन लावायचा, आणि तिथं १०० वॅटचं गणितही करायचं नाही. ट्वीटरच्या खोक्यावरचे १०० वॅट हे सगळ्या गाण्याच्या हिशोबानं लिहिलेले असतात. मी ट्वीटरच्या चॅनेलला १० व्होल्टवर थांबतो, म्हणजे ४ ओहमला २५ वॅट. आजवर कोणाला आवाज कमी पडलेला नाही. पडला तर वरचा आवाज नाही, खालचा बेस कमी पडतो. आणि फिल्टर लागलाय याची खात्री होईपर्यंत ट्वीटरची तार जोडायचीच नाही. लॅपटॉपवरून चुकीची फाइल चढली, एखादा चॅनेल अदलाबदल झाला, तर वूफरचा बेस सरळ ट्वीटरमध्ये जातो.

टोन किती डीबीचा घ्यायचा यावर फिटर लोकांत दोन तट आहेत. शून्य डीबी म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये मावणारी सगळ्यात वरची लेव्हल, उणे म्हणजे त्याच्या खाली. शून्य डीबीचा टोन लावून गेन ठरवला आणि नंतर कुठं वाढवलं नाही तर लाट कापली जात नाही, पण जुनी भावगीतं, नाट्यगीतं, मैफिलीची रेकॉर्डिंग हळू वाजतात, कारण ती मुळातच खालच्या लेव्हलला भरलेली असतात. हल्लीची गाणी मात्र काठोकाठ भरलेली. म्हणून मी मधल्या स्पीकरना आणि ट्वीटरला शून्याचा टोन लावतो आणि वूफरला उणे ५ चा. बेसच्या एकाच सुरावर पूर्ण लेव्हल गाण्यात क्वचित येते. उणे १० किंवा १५ लावणारेही आहेत. गिऱ्हाईक फक्त शास्त्रीय ऐकणारं असेल तर लावा. मिरजेत असं गिऱ्हाईक मिळतं म्हणा, इथं तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची आख्खी गल्ली आहे. पण त्याची गाडी पोरगा नेतो, आणि पोरगा काय लावतो ते विचारू नका.

हे सगळं झाल्यावर मग ट्यूनिंग: माइक लावून इक्वलायझर, स्पीकरच्या अंतराप्रमाणं डिले, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज थोडा उशिरा सोडणं. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं, त्यामुळं उजवा दरवाजा जवळ आणि डावा लांब; ३४ सेंटिमीटरला एक मिलीसेकंद धरायचा. त्यावर लेखकानं छान लिहिलंय, मी परत लिहीत नाही. फक्त इक्वलायझरमध्ये वाढवण्यापेक्षा कमी करा. माइकवर एखाद्या ठिकाणी मोठा खड्डा दिसतो आणि पोरं तिथं ९ डीबी वाढवतात. तो खड्डा बऱ्याचदा काचेवरून परत आलेला आवाज आणि सरळ आलेला आवाज एकमेकांना मारतात म्हणून पडलेला असतो. तिथं कितीही ओता, भरत नाही. अँपवर मात्र नऊ डीबीचा म्हणजे आठपट वॅटचा भार पडतो, आणि गेन इतका निगुतीनं लावलेला असतो तो वाया. ट्यूनिंग संपल्यावर टोन परत एकदा फिरवून स्कोप लावायला पाहिजे. हे कुणी करत नाही, कारण तोवर संध्याकाळ झालेली असते आणि गिऱ्हाईक चावी मागत उभं असतं.

उलटंही होतं. ट्वीटर जास्त टोचतात म्हणून प्रोसेसरमध्ये त्यांना १० डीबी खाली ओढतात आणि अँपचा गेन तसाच ठेवतात. मग इंजिन बंद असताना, गाणं थांबलेलं असताना, ट्वीटरमधून ‘स्स्स’ असा बारीक आवाज येत राहतो. तो प्रोसेसरचा स्वतःचा आवाज अँप वाढवून देतोय. अशा वेळी अँपचा गेन खाली घ्यायचा आणि प्रोसेसरचा आउटपुट परत शून्याच्या जवळ आणायचा. लेव्हल तीच राहते, स्स्स जातो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढ-उतार होणारी शिट्टी मात्र वेगळी. ती बहुधा अर्थिंगची. रंग खरवडून पत्र्याला घट्ट बोल्ट मारा. गेन कमी केल्यावर ती शिट्टीही कमी ऐकू येते, म्हणून गेनचाच दोष होता असं समजू नये.

कंपनी फिटिंगचा स्टिरिओ ठेवून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नव्या गाड्यांमधले कित्येक स्टिरिओ व्हॉल्यूम वाढेल तसा बेस आपोआप कमी करतात, कारण मूळचे कागदी स्पीकर फाटू नयेत. म्हणजे व्हॉल्यूम १० वर ट्यूनिंग केलं तर ३० वर बेस गायब, आणि ३० वर केलं तर १० वर घुमतो. तेव्हा किमान तीन व्हॉल्यूमवर मोजून बघा. फारच फरक असेल तर फोनचा सिग्नल सरळ डीएसपीलाच द्यायचा, स्टिरिओला बाजूला ठेवून. आणि मूळ तारा कापू नका, कपलर वापरा. गाडी विकताना आठवण येईल.

एक काळजीची सूचना, नाहीतर कुणीतरी जिवावर बेतून घेईल. इंजिन बंद ठेवून टोन वाजवला तर बॅटरी बारा व्होल्टवर येते आणि अँप लवकर संपतो. मोजमाप खोटं निघतं. म्हणून काही जण शटर अर्धं ओढून आत इंजिन चालू ठेवतात. धूर कुठं जाणार? गाडी रस्त्याच्या कडेला मोकळ्यावर घ्या, नाहीतर भरवशाचा चार्जर लावा.

आता मुख्य मागणी, जिच्यासाठी एवढं लिहिलं. गिऱ्हाईक दुकानात येतं, अँपचा खिळा घड्याळात नऊ वाजल्यासारखा बघतं आणि म्हणतं, ‘एवढे पैसे भरले आणि तुम्ही पाव पण सोडला नाही.’ डीएसपी ४ व्होल्ट देत असेल तर खिळा तिथंच असायला पाहिजे. पण दुकानदाराला वाद नको असतो. तो डोळ्यांदेखत खिळा फिरवतो, व्हॉल्यूम १० वरच काच थरथरते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. महिन्याभरात ट्वीटर जातो तेव्हा दोघंही कंपनीला शिव्या देतात. हे थांबवायचं तर गिऱ्हाइकानं खिळ्याकडं बघू नये, चिठ्ठी मागावी. मी प्रत्येक गाडीत ग्लोव्हबॉक्सच्या आतल्या बाजूला कागद चिकटवतो. स्टिरिओची हद्द कितीवर, कुठला टोन लावला होता, डीएसपीच्या प्रत्येक आउटपुटला किती व्होल्ट, अँपच्या प्रत्येक चॅनेलला किती व्होल्ट, ट्वीटरचा फिल्टर कितीवर, तारीख. उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या फिटरनं हात लावला तरी त्याला परत तिथं आणता येतं. डीएसपीच्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर गिऱ्हाइकाला. ती फाइल आपल्याकडं दाबून ठेवणारे दुकानदार आहेत, गिऱ्हाईक परत आपल्याकडंच यावं म्हणून; पैसे गिऱ्हाइकानं दिलेत, फाइल त्याचीच.

मिरवणुकीच्या डीजेशी याचा संबंध जोडू नये अशीही विनंती. आपल्या लेखावर आलेल्या एका पत्रात तसा सूर होता. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, २००० सालच्या नियमांत ते लिहिलेलं आहे, आणि ते पाळलंच पाहिजे. पण नीट गेन लावलेल्या गाडीत काचा बंद करून बेतानं ऐकणाऱ्याचा आवाज शेजाऱ्याच्या अंगणात फारसा जात नाही. रस्त्यावर धडधडत जाणाऱ्या गाडीतला तो फाटका बेस ऐका. त्यातल्या निम्म्या गाड्यांचे खिळे शेवटाला टेकलेले असणार.

पत्र लांबलं. काटछाट करायची तर माझ्याबद्दलचं काढा, आकडे ठेवा.

आपला,
मिरजेचा एक साऊंड फिटर
(नाव छापू नये)

ता. क. लेखाबरोबर छापलेल्या फोटोत जो अँप आहे त्याचा बेस बूस्ट पूर्ण फिरवलेला दिसतोय. असल्या खिळ्यावर बहुधा १२ डीबीपर्यंत असतात, म्हणजे ४५ हर्ट्झच्या आसपास सोळापट वॅट. ती गाडी कुणाची आहे ते छायाचित्रकाराला विचारून मालकाला कळवावं. वूफर अजून चालू असेल तर.